अपेक्षित आउटपुट: एकच लिहा

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पॅरलल प्रोग्रॅमिंग, म्हणजे एकच काम अनेक कोरना वाटून एकाच वेळी करून घेणं, पॅटर्नच्या (काम वाटायच्या ठरावीक पद्धतींच्या) वाटेनं शिकवायचं ठरवलं. शिकवणं त्यातल्या त्यात सोपं निघालं. डोक्याला ताप झाला तो लॅब मॅन्युअलच्या तक्त्यातल्या एका रकान्याचा: 'अपेक्षित आउटपुट'.

पॅटर्नच का, ते आधी सांगते. नेहमीचा क्रम हत्यारांचा: पीथ्रेड्स, ओपनएमपी, एमपीआय, शेवटी कुडा. मुलं सिंटॅक्स पाठ करतात आणि दिसेल त्या फॉर लूपवर प्राग्मा, म्हणजे कंपायलरला द्यायची सूचना, चिकटवतात. मला उलट हवं होतं. काम वाटता कसं येतं ते आधी बघा, हत्यार मग उचला. वर्गात पंगतीचं उदाहरण चटकन पोचतं. चार वाढप्यांनी चार रांगा वाटून घेतल्या तर तो डेटा वाटला. एक मीठ, एक भाजी, एक वरण घेऊन एकामागोमाग फिरले तर ती पाइपलाइन, आणि वरणवाला रेंगाळला की सगळी पंगत रेंगाळते. मॅप, रिडक्शन, स्टेन्सिल, फोर्क-जॉइन, मास्टर-वर्कर एवढ्या पॅटर्नमध्ये सत्र आरामात भरतं.

सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे विषयाची फलितं अभ्यासक्रमाच्या फलितांशी जुळवायचा तक्ता, कुणी न वाचताच पास झालं. अडलं रिडक्शनच्या, म्हणजे तुकड्यांची उत्तरं शेवटी एकत्र करायच्या, प्रयोगावर.

प्रोग्रॅम जुनाच, इंटिग्रेशननं पायची किंमत काढायचा. आधी साधा चालवायचा. मग लूप चार थ्रेडना (प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांना) वाटायचा, पण बेरजेचं व्हेरिएबल सगळ्यांत सामाईक ठेवायचं. बेरीज करणं म्हणजे वाचणं, मिळवणं, परत लिहिणं. दोन थ्रेडनी एकच जुनी किंमत वाचली की एकाची भर गेली. उत्तर चुकतं, आणि दर वेळी वेगळं चुकतं. मुलं शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघायला लागतात, तिथूनच खरा तास सुरू होतो. पुढे क्रिटिकल लावलं, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला बेरजेला हात लावू दिला, की उत्तर बरोबर, पण वेळ साध्या प्रोग्रॅमपेक्षा जास्त. शेवटी रिडक्शन: प्रत्येक थ्रेडची स्वतःची बेरीज, शेवटी एकत्र.

मॅन्युअल तपासणाऱ्या समितीनं पेन्सिलीनं शेरा मारला: 'आउटपुट निश्चित नाही. दुरुस्त करून द्यावे.' मी समजावायला गेले. "मॅडम, एक्स्टर्नल परीक्षक आला तर तो तपासणार काय?" मी म्हटलं, सर, उत्तर बदलतं हेच तर दाखवायचंय. "मग चुकीचा भाग काढून टाका, बरोबर प्रोग्रॅमच द्या." म्हणजे थ्रेडची ही चढाओढ, रेस कंडिशन, न दाखवता रिडक्शन शिकवा! रोग न दाखवताच औषध पाठ करायला लावायचं. बरं, रिडक्शनचं उत्तरही शेवटच्या अंकापर्यंत निश्चित नसतं. दशांश संख्यांची बेरीज संगणक ज्या क्रमानं करतो त्यावर शेवटचे अंक हलतात. थ्रेड बदलले की क्रम बदलला. हे सांगितल्यावर फाइल आणखी खाली गेली. मी चौकशीला गेले की सही करणारे मीटिंगमध्ये, आणि मीटिंगमधून आले की फाइल सापडत नसे. माझा आवाज एकदा चढलाही, त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

वाट दाखवली लॅबमधल्या काकांनी. "मॅडम, फिजिक्सच्या जर्नलात ऑब्झर्व्हेशन टेबल असतो की. लंबकाला कुठे दर वेळी तोच आकडा येतो?" रकान्यात लिहिलं 'निरीक्षण तक्त्याप्रमाणे', खाली तक्ता जोडला: थ्रेडची संख्या, मिळालेलं उत्तर, लागलेला वेळ. दुसऱ्या दिवशी सही!

तुम्ही हे करणार असाल तर व्हर्च्युअल मशीनला किती कोर दिलेत ते आधी बघा. एकाच कोरवर वेग वाढत नाही आणि रेसही बरेचदा दिसत नाही. मुलांना वाटतं मॅडम उगाच घाबरवतात. रेस दाखवताना कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा. आणि अ‍ॅमडाहलचा नियम पहिल्याच आठवड्यात सांगा: 5 टक्के काम वाटता येत नसेल तर कितीही कोर ओता, वेग 20 पटींपलीकडे जात नाही. मी तो शेवटी ठेवला होता, तोवर मुलं आठ कोरवर आठपट वेगाची वाट बघत बसली होती.

पुढच्या सत्रात एमपीआय घ्यायचंय, एक प्रोग्रॅम चार मशीनवर. फॉर्म आणलाय. त्यात पहिलाच रकाना आहे 'प्रति विद्यार्थी संगणक', आणि कंसात छापलंय: जास्तीत जास्त एक.