अठरा, अठरा, सत्तावीस

सोलापूरची गड्डा यात्रा संपून शाळा पुन्हा रुळावर आली होती. फेब्रुवारीतला शनिवार, सकाळची शाळा, नववीचा शेवटचा तास. हा तास मी गेली चार वर्षं कोड्यांसाठी राखून ठेवतो. पुस्तक बंद, गुण नाहीत, आणि उत्तर ओरडून सांगायचं नाही. ज्याला सुटलं त्याने एक हात डोक्यावर ठेवायचा आणि गप्प बसायचं.

हा हात डोक्यावर ठेवायचा नियम मला पहिल्या वर्षीच्या चुकीतून सुचला. तेव्हा मी तास संपायला पाच मिनिटं उरली की बक्षीस म्हणून कोडं घालायचो. पहिल्या बाकावरची तीन मुलं तीस सेकंदांत उत्तर सांगून टाकायची आणि उरलेली पन्नास मुलं घड्याळाकडे बघायची. ज्याला विचार करायला वेळ लागतो, त्याच्या हातातून कोडं दरवेळी हिसकावून घेतलं जात होतं आणि ते मीच घडवून आणत होतो. आणखी एक गोष्ट मी तेव्हाच सोडली: मुलाला फसवून वर्गाला हसवणारी कोडी. एकदा हसू झालेलं पोर पुन्हा महिनाभर हात वर करत नाही.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू, गल्लीत दोन्ही भाषा, शाळेत मराठी. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाचे टॉवेलच्या कारखान्यात, कितीतरी जणांच्या आया घरी विड्या वळतात. शेवटून दुसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. जूनपासून दिवाळीपर्यंत मी तिचा आवाज फक्त हजेरीला ऐकला होता. वही स्वच्छ, गणितं बरीचशी बरोबर, पण विचारलं की मान खाली.

दिवाळीनंतर मी मुलांना घरातल्या आजी-आजोबांकडून एकेक कोडं आणायला सांगितलं. ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ हे सात जणांनी आणलं. तिची पाळी आली तेव्हा ती उठली आणि फळ्याकडे बघत म्हणाली, “किट किट तलुपुलु, किटारी तलुपुलु, एप्पुडु मूसिना चप्पुडु कावु.” अर्धा वर्ग खुदकन हसला, कारण त्यांना ते लहानपणापासून पाठ होतं. उरलेल्या अर्ध्या वर्गाला आणि मला काहीच कळेना. मग तिने मराठीत सांगितलं: अशी दारं, की कधीही मिटा, आवाज होत नाही. मी पाच मिनिटं डोकं खाजवलं. शेवटी तिने एका बोटाने स्वतःची पापणी दाखवली. वर्गात उत्तर तिच्याकडे आहे आणि सर वाट बघतायत, असं त्या दिवशी पहिल्यांदा घडलं. त्यानंतर ती थोडं थोडं बोलू लागली.

तर त्या शनिवारी मी कापरेकरांचा आकडा काढला होता. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीच्या शाळेत शिक्षक होते. गणितातलं पदव्युत्तर शिक्षण नाही, हाताशी वही आणि पेन्सिल. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ या आकड्याचा गुण सापडला. १९७५ मध्ये गणितातल्या कोड्यांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या नियतकालिकात त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठे जगाला हे नाव कळलं. मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. शाळेतला मास्तर होता, आपल्याच महाराष्ट्रातला.

कृती सोपी आहे. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. मी फळ्यावर ३५२४ घेतलं. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. आणि ६१७४ वर तेच केलं तरी पुन्हा ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचतोच. मुलांना म्हटलं, आपापली संख्या घ्या. गाडीचा नंबर घेतला तरी चालेल. एमएच-१३ च्या पुढचे चार आकडे भराभर वह्यांत उतरले.

दहा मिनिटांत वर्गभर ‘आलं, आलं’ सुरू झालं. एवढ्यात मागून हात वर झाला. डोक्यावर नाही, सरळ वर.

“सर, दरवेळी अठराच यायलंय.”

मला कळेना काय अठरा. तिने सांगितलं, उत्तरातल्या अंकांची बेरीज. तिचे आजोबा एका कारखान्यात मजुरीचा हिशेब लिहायचे. त्यांनी तिला प्रत्येक उत्तराचा नवाचा ताळा घ्यायची, म्हणजे अंकांची बेरीज करून उत्तर पडताळायची सवय लावलेली. मी फळ्याकडे वळलो. तीन, शून्य, आठ, सात: अठरा. आठ, तीन, पाच, दोन: अठरा. सहा, एक, सात, चार: अठरा. चार वर्षं हे उदाहरण मी याच फळ्यावर लिहीत आलो आणि एकदाही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सगळ्यांना बेरजा करायला लावल्या. अठरा, अठरा, अठरा. मग खिडकीजवळचा एक मुलगा म्हणाला, “माझं सत्तावीस ओ सर.” त्याने वडिलांच्या रिक्षाचा नंबर घेतला होता, ४२७४.

“वजाबाकी चुकली असेल, बघ परत.” हे शब्द माझ्या तोंडून सवयीने गेले. त्याने खोडरबर उचललं.

ती जागेवरून उठून त्याच्या बाकापाशी गेली, वही आपल्याकडे वळवली, ओठांतल्या ओठांत हातचे मोजले. “सर, बरोबर आहे त्याचं. खोडायला लावू नका.”

७४४२ वजा २४४७, ४९९५. खरंच बरोबर होतं.

मला कारण थोडं दिसू लागलं होतं आणि हात खडूकडे जात होता. तो मी मागे घेतला. फळ्याचे दोन भाग केले, अठरा आलेल्या संख्या एकीकडे, सत्तावीस आलेल्या दुसरीकडे, उतरत्या क्रमाने मांडून. सत्तावीसच्या बाजूला ७४४२, ८३३१, ९६६१, ५५५३ अशी रांग लागली. ५५५३ त्याच रिक्षावाल्या वहीतली, तिसऱ्या पायरीची. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. वर्गात माझ्याशिवाय शांत कुणीच नव्हतं, पण तो गलका फळ्यावरच्या आकड्यांचाच होता. ज्याची वजाबाकी मी चूक ठरवली होती त्यालाच शेवटी दिसलं. “मधले दोन सारखे हायत की! इकडच्या सगळ्यांत!”

घंटा झाली. कारण सोमवारी काढलं. अंक अ, ब, क, ड घेतले, की वजाबाकी येते ९९९ गुणिले (अ − ड), अधिक ९० गुणिले (ब − क). मधले दोन सारखे असले की दुसरा भाग नाहीसा होतो, ९९९ ची पट उरते आणि तिच्या अंकांची बेरीज सत्तावीस. एरवी अठरा. हीच बीजराशी मी नुसती शिकवायला घेतली असती तर निम्मा वर्ग पेंगला असता. त्या दिवशी ‘दुसरा भाग शून्य’ हे माझ्या आधी चार जण बोलले. त्या मुलाची मी सगळ्यांसमोर माफी मागितली, कारण चूक सगळ्यांसमोर झाली होती. तो लाजला, पण वही मात्र उघडीच ठेवली.

तास संपताना तोच मुलगा टेबलापाशी आला. रविवारभर त्याने पाच अंकी संख्येवर तेच करून पाहिलं होतं, आणि एका जागी तो अडकला होता. ५३९५५ आलं की पुढे ५९९९४, आणि त्यातून परत ५३९५५. किती पानं भरली तरी तेच दोन. मी त्याच्याबरोबर दोन्ही वजाबाक्या केल्या. या वेळी आधी वही पाहिली, मगच बोललो. “थांबणारच नाही का ओ हे?” त्याने विचारलं.

दप्तर खांद्याला लावून ती दारात उभी होती.

“सत्तावीस आणि छत्तीस,” ती म्हणाली, आणि दप्तर पुन्हा खाली ठेवलं.