नीरा ते तरडगाव

वाल्ह्याहून पहाटे निघालो तेव्हाच माझ्या उजव्या टाचेखालचा फोड ठणकत होता, पण मी तो कोणाला दाखवला नव्हता. पंढरीच्या वारीचे, आळंदीच्या प्रस्थानापासूनचे दिवस आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. दिवेघाटाबद्दल सगळेच बोलतात, माझ्या आठवणीत मात्र पुढच्या बाईच्या डोक्यावरच्या तुळशीवृंदावनाची हलणारी सावली तेवढी राहिली आहे. जेजुरीला उधळलेला भंडारा अंगावर पडला, एवढेच आठवते.

मी चौतीस वर्षे एका रुग्णालयात परिचारिका होते. दुसऱ्याच्या जखमेकडे दुर्लक्ष करणे मला कधी जमले नाही, आणि स्वतःच्या जखमेकडे लक्ष देणेही कधी जमले नाही. दिंडीची भिशी, म्हणजे जेवण-मुक्कामाचे पैसे, भरली त्याच दिवशी मी मनाशी ठरवले होते की एक टप्पाही वाहनाने करायचा नाही. असा नेम मला कोणी सांगितलेला नव्हता. मी स्वतःलाच तो घातला होता आणि ज्या कडकपणाने मी वॉर्ड चालवला, त्याच कडकपणाने पाळत होते.

राहुटीत माझ्या शेजारी परभणीकडच्या एक आजी होत्या. रात्री अडीचलाच त्या उठत आणि काकड्याची वेळ होईपर्यंत प्लॅस्टिकच्या पिशव्या चाळत बसत. सासवडच्या दुसऱ्या रात्री मी त्यांना म्हणाले, "आजी, इतरांनाही झोप लागते." त्या "होय माऊली" एवढेच म्हणाल्या. पुढच्या रात्री पिशवीचा आवाज आला नाही. डोळे उघडून पाहिले, तर त्या अंधारात पिशवीत हात घालून, एकेक वस्तू बोटांनी चाचपत काहीतरी शोधत होत्या. मला शरम वाटली आणि त्या शरमेचाच त्यांच्यावर पुन्हा राग आला. दिवसभर हरिपाठ ओठांवर असूनही तो राग गेला नाही.

नीरेला ज्ञानेश्वर माऊलींच्या पादुकांचे स्नान झाले. गर्दीत मला ते दिसले नाही, नुसता गजर ऐकू आला. पूल ओलांडून पाडेगाव मागे पडले आणि लोणंद अजून काही किलोमीटरवर असताना फोड फुटला. टाच टेकवली की कळ पोटरीपर्यंत जात होती. मी चवड्यावर चालू लागले, त्यामुळे दुसरा गुडघा भरून आला. दिंडी पुढे गेली, मागची दिंडीही पुढे गेली. ऊन पावसाळ्याचे होते, म्हणजे ढगांमागून भाजणारे. शेवटी एका बाभळीखाली बसले आणि कोणी पाहू नये म्हणून पाय लुगड्याखाली ओढून घेतला.

तिथे आधीच एक बाई बसल्या होत्या. वय साठीच्या पुढचे, हातावर गोंदण, शेजारी पडशी. त्या दुसऱ्याच दिंडीतल्या होत्या. थोडा वेळ माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "लपवायलीस कशाला? दाव."

मी नाही म्हणाले. त्यांनी माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. तांब्यात पिण्याचे पाणी अर्धेच होते आणि पुढचा टँकर कुठे असेल हे आम्हां दोघींनाही ठाऊक नव्हते, तरी त्यांनी त्यातल्याच पाण्याने टाच धुतली. शेजारी दुसरा एक फोड अजून भरलेला होता. त्यातून ओवायला त्यांनी पदराच्या गाठीतून सुई-दोरा काढला, तशी माझ्यातली सिस्टर जागी झाली. न उकळलेली सुई आणि आत ठेवलेला दोरा यांनी जखम पिकते, हे मी शिकाऊ मुलींना वर्षानुवर्षे शिकवले होते. मी तसे बोलून दाखवले, तर त्या रागावल्या नाहीत. "मंग तुझ्या रीतीनं कर की. पर कर. औशीद पिशवीत ठिवून पाय सडवतीस का?"

माझ्या पिशवीत जंतुनाशक होते, कापूस होता, चिकटपट्टी होती. पुण्यात एका मुलाच्या पायाला आणि सासवडला दोन बायकांच्या टाचांना मी त्यातूनच पट्टी बांधली होती. स्वतःसाठी बाटलीचे झाकण उघडायचे मला सुचले नव्हते. सुचले नव्हते असे तरी का म्हणावे? मी उघडू दिले नव्हते.

मी कापूस भिजवून देत गेले आणि पट्टी त्यांनी बांधली. मग म्हणाल्या, "उद्या गाडीत बस."

मी त्यांना माझा नेम सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला, हसल्या नाहीत. समोरून कुठल्याशा दिंडीचा टाळ जात होता. तिकडे बघत त्या म्हणाल्या, "माऊली सोता रथात बसून चालल्यात. त्यास्नी कोन म्हनलं का, पायी चला म्हणून?"

मला रडू आले, ते फोडामुळे नव्हे. मला आठवली ती आमच्या वॉर्डातली शिकाऊ मुलगी. डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी ती स्टुलावर टेकली होती. तिचे पाय सुजलेले मला दिसत होते, तरी मी तिला सर्वांसमोर उठवून उभे केले. मी कधी बसले नाही, मग तिने का बसावे, एवढाच माझा हिशेब होता.

लोणंदला समाजआरतीच्या, म्हणजे मुक्कामी सगळ्या दिंड्यांनी मिळून करायच्या आरतीच्या वेळी मी पालखीतळाच्या कडेला उभी होते. चोपदारांनी दंड उंचावला, सगळे टाळ थांबले, पण एका दिंडीचे वाजत राहिले. ज्या दिंडीची तक्रार असते तिचे टाळ थांबत नाहीत. चोपदार तिथे गेले, त्यांनी ऐकून घेतले, मग टाळ शांत झाले, हरवल्या-सापडल्याचे पुकारून झाले आणि आरती सुरू झाली. हा रिवाज मला ठाऊक होता, पण तक्रार ऐकल्यावाचून आरती होत नाही याकडे मी आजवर लक्षच दिले नव्हते. माझी टाच तर दिवेघाटापासून वाजत होती.

दुसऱ्या दिवशी मी दिंडीच्या ट्रकमध्ये बसले. ट्रक पालखीच्या आधी तरडगावला जातो, म्हणजे वाटेतले चांदोबाच्या लिंबाचे पहिले उभे रिंगण, वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून धावणारा माऊलींचा अश्व, चुकणार होते. त्याचे मला फार वाईट वाटले आणि अजूनही वाटते. ट्रकमध्ये राहुटीतल्या आजी होत्या. दोन्ही गुडघ्यांचे पट्टे सोडून त्या तेल चोळत होत्या. रोज अडीचला उठून पिशवीत शोधायच्या ते हे पट्टे. वाकता येत नसल्याने ते बांधायला त्यांना तासभर लागत असे.

तरडगावला बायकांबरोबर कांदे चिरले. संध्याकाळी चालून आलेल्यांचे पाय पाहिले, माझ्या बाटलीतले औषध संपले. रिंगण किती छान झाले हे प्रत्येक जण सांगत होता आणि मी प्रत्येकाकडून ऐकत होते.

रात्री अडीचला आजी उठल्या. मी बॅटरी लावून त्यांच्या पिशवीवर धरली, मग ती त्यांच्या हाती दिली आणि पट्टे बांधायला घेतले. बांधून होईपर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी बॅटरीचा उजेड माझ्या टाचेकडे वळवला.

"आज चालतीस का?"

"फलटणचा पल्ला लांब आहे आजी," मी म्हणाले. "विसाव्यापर्यंत चालते. मग बघू."