तुम्ही विचारलंत म्हणून: नोटेशन, म्हणजे सुरांची लिपी, न येता चाल लावता येते का?

पेटी शिकायला येणारी मोठी माणसं, त्यातही कविता करणारी, हमखास विचारतात, "मला नोटेशन येत नाही, मग चाल लावता येईल का?" मी दर वेळी अर्व्हिंग बर्लिनचं नाव घेतो आणि बहुतेकांना ते ठाऊक नसतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

बर्लिन अमेरिकेचा गीतकार, आणि चालीही त्याच्याच. जन्म १८८८चा, रशियन साम्राज्यातल्या ज्यू घरातला. मूळ नाव इस्रायल बेलिन. १८९३ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला येऊन राहिलं. वडील सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, प्रार्थना गायचे. ते लवकर गेले आणि पोरगं मिसरूड फुटायच्या आत घराबाहेर पडून गुत्त्यांमधून गाऊ लागलं. पुढे चायनाटाउनमधल्या पेल्हम कॅफेत तो गाणारा वेटर झाला. गिऱ्हाइकं गेली की तिथल्याच पियानोवर आपलं आपण शिकायचा. १९०७ मध्ये पहिलं गाणं छापलं गेलं. त्यात शब्द तेवढे त्याचे होते आणि कमाई चाळीस सेंटही झाली नाही. छापताना नावाचं 'आय. बर्लिन' झालं, ते कायमचंच.

नोटेशन तो कधीच शिकला नाही. पियानो वाजवायचा तोही मुख्यतः एकाच पट्टीत: एफ शार्प, म्हणजे आपली काळी तीन. तिच्यात सप्तकातले पाचही काळे स्वर येतात, त्यामुळे न शिकलेल्या बोटांना ती धरायला सोपी जाते. बाकीच्या पट्ट्यांसाठी त्याने खास पियानो घेतला. कळ सरकवली की बोटं काळी तीनचीच, आवाज मात्र हव्या त्या पट्टीत. स्केल चेंजर, म्हणजे पट्टी बदलता येणारी पेटी वाजवणाऱ्यांना वेगळं समजावायला नको. त्याचा असा एक पियानो अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

चाल उतरवून घ्यायला पगारी माणूस असे. हेल्मी क्रेसाने हे काम कित्येक वर्षं केलं. बर्लिन गाऊन-वाजवून दाखवायचा, लिहिणारा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, लावून बघायचा, आणि मनातला कॉर्ड लागेपर्यंत बर्लिन मान डोलवायचा नाही. मला यातच सगळं दिसतं. त्या कॉर्डचं नाव त्याला सांगता आलं नसतं, पण दुसरा कुठलाही चालत नव्हता.

१९२६चं त्याचं 'ब्लू स्काइज' पेटीवर काढून बघा. शब्द निरभ्र आभाळाचे, आनंदाचे, आणि सुरुवात चक्क उदास छटेच्या मायनरमध्ये, कोमल गंधाराच्या वातावरणात. पहिल्याच दोन शब्दांत चाल सा वरून थेट पंचमावर उडी घेते. खाली खर्जातला सूर मात्र सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध असा एकेक पायरी उतरत जातो. शेवटी गाणं त्या कोमल गंधारालाच सा मानून मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधाराच्या प्रसन्न छटेत, विसावतं. आनंद आहे, पण दुःख ओलांडून आलेला, हे चालच सांगून जाते. १९२७च्या 'द जाझ सिंगर' या बोलपटात नायक झालेल्या गायक-नट अल जॉल्सनने ते पडद्यावरच्या आईला गाऊन दाखवलंय. ऐकाच.

'अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड' (१९११), 'व्हाइट ख्रिसमस' (१९४२) ही गाणी तर जगभर गेली. एकूण भरतात दीड हजारांच्या आसपास. आपसूक सुचली म्हणून हा आकडा झालेला नाही. रात्र रात्र तो एकाच ओळीशी झटत बसे. 'गॉड ब्लेस अमेरिका' १९१८ मध्ये लिहिलं, बेतलेल्या कार्यक्रमात बसेना म्हणून बाजूला ठेवलं. वीस वर्षांनी बाहेर काढून शब्द बदलले, मग गायिका केट स्मिथने ते रेडिओवर म्हटलं. त्याची रॉयल्टी त्याने स्काउट मुलामुलींच्या संस्थांना देऊन टाकली. १९८९ मध्ये, एकशे एकाव्या वर्षी तो गेला.

तेव्हा उत्तर: हो, चाल लावता येते. नोटेशन मी आवडीने शिकवतो आणि शिकलात तर तुमचाच वेळ वाचेल. पण ते येईपर्यंत कविता वहीत अडकवून ठेवू नका. ज्या पट्टीत गळा लागतो त्या पट्टीत गुणगुणा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका, खटकेल ती जागा बदला, परत ऐका. मनाला पटली की क्लासला या आणि म्हणून दाखवा. उतरवून मी घेईन.