टोचणीचे मोजमाप

मानसोपचार घेणाऱ्या माणसाच्या मनातील अपराधभाव अंकांत मांडता येतो का, या प्रश्नाने मला बराच काळ गुंतवून ठेवले आहे. मॅक्स हॅमिल्टन यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नैराश्याच्या मापनश्रेणीत अपराधभावाला एकच कलम आहे आणि त्याला शून्य ते चार गुण दिले जातात: ‘मी लोकांना निराश केले’ या भावनेला एक, जुन्या चुका पुन्हापुन्हा उगाळण्याला दोन, आजार म्हणजेच शिक्षा असे वाटण्याला तीन. तीव्रता कळते, पण टोचणी कशाची, ते कळत नाही.

लिन ओकॉनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मांडलेली 67 विधानांची प्रश्नावली म्हणूनच मला मोलाची वाटते. आपले बरे चालले आहे आणि भाऊ मात्र मागे राहिला, ही सल. आईवडिलांपासून वेगळे होणे म्हणजे त्यांना दगा देणे, ही समजूत. सगळ्यांच्या सुखाचा भार आपल्याच शिरावर आहे, हा ग्रह. आणि आपण मुळातच वाईट आहोत, ही खात्री, अशा चार धाग्यांची ती स्वतंत्रपणे नोंद घेते.

मात्र एकत्र कुटुंबात वाढलेली एखादी मुलगी घरच्यांच्या जबाबदारीविषयीच्या विधानांना सर्वाधिक गुण देईल, तेव्हा त्यात आजार किती आणि संस्कार किती, हे बेरजेवरून ठरवता येणार नाही. उपचारकाने एकेका उत्तरापाशी थांबून त्यामागची हकिगत विचारावी, असे मला मनापासून वाटते.