पासबुकातली ४३६ रुपयांची ओळ

तालुक्याच्या गावी बँकेत काऊंटरला असते मी, आणि बाजाराच्या दिवशी मान वर करायला फुरसत नसते. तसल्याच गर्दीत एक ताई आल्या, नवरा हार्ट अटॅकने गेलेला, वय ४६, आणि त्यांना फक्त त्याचं खातं बंद करायचं होतं. "जे काय पाच-सातशे असतील ते द्या मॅडम, लाईटबिल थकलंय." कापडी पिशवीत सगळं कोंबून आणलेलं, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, सोसायटीच्या कर्जाच्या पावत्या, मुलीची मार्कशीट, आणि तळाला दुमडलेलं पासबुक.

पासबुकात कित्येक महिने एन्ट्रीच मारलेली नव्हती, म्हटलं आधी प्रिंट मारून घेऊ. तर मे महिन्याच्या शेवटी दोन ओळी आल्या, ४३६ आणि २० रुपये कट. ताईंना वाटलं बँकेने चार्ज लावला. अहो चार्ज कसला, ४३६ म्हणजे प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता, १ जून ते ३१ मे वर्ष चालतं त्याचं, हार्ट अटॅकने माणूस गेला तरी नॉमिनीला २ लाख मिळतात. २० ची ती सुरक्षा विमा, ती फक्त अपघाताला, म्हणजे इथे ती लागू नाही. नवऱ्याने कधीतरी फॉर्मवर सही केली असणार, पैसे दरवर्षी आपोआप जात राहिले आणि घरात कोणाला पत्ताच नाही! नुसतं खातं बंद करून पाठवलं असतं तर विषय तिथेच संपला असता, आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

नॉमिनी ताईच होत्या, पण फॉर्मवर सासरचं नाव आणि आधारवर अजून माहेरचंच. पुन्हा पिशवी उपसली, तर मार्कशीटला चिकटलेला विवाह नोंदणीचा दाखला सापडला, किती हायसं वाटलं म्हणून सांगू. मग क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, आधार, त्यांच्या स्वतःच्या पासबुकाची झेरॉक्स असं सगळं लावून पाठवलं आणि पैसे त्यांच्या खात्यात जमा झाले.

घरात कोणी गेलं असेल तर खातं बंद करायच्या आधी पासबुक भरून घ्या आणि मे-जूनच्या ओळी नीट बघा, उशीर झाला असला तरी शाखेत विचारा. आणि नॉमिनीचं नाव आधारशी जुळतंय का ते माणूस हयात असतानाच बघून ठेवा, नंतर फार धावपळ होते.

पैसे जमा झाल्यावर ताईंनी स्वतःच्या खात्यालाही तोच विमा लावून घेतला. नॉमिनी मुलगी, ती अजून सज्ञान नाही म्हणून पालक म्हणून भावाचं नाव टाकलं, आणि भावाला तिथूनच फोन करून सांगितलं.