कोरी तिथी

पुरवणीच्या मीटिंगमध्ये मथळा आधीच ठरला होता: 'तमाशाची अखेरची घरघर'. मी फक्त त्याखालचा मजकूर आणायचा होता, आणि जमलं तर चाळ बांधलेल्या पायांचा फोटो. हा फोटो आमच्याकडे दर दोन वर्षांनी छापून येतो. पाय बदलतात, एवढंच.

वाकडेवाडीहून नाशिकची एसटी धरली, चाकणला तासभर अडकलो आणि नारायणगावला उतरेपर्यंत अकरा वाजून गेले. पाडवा आठवड्यावर आला होता. या दिवसांत इथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि चैत्र-वैशाखातल्या यात्रांसाठी गावोगावच्या कमिट्या सुपारी द्यायला येतात. गाव विठाबाई नारायणगावकरांचं. १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई. ऐन प्रयोगात बाळंत होऊन, दगडानं नाळ तोडून त्या पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिगत फीचर लिहिणाऱ्यांची ठेवणीतली. मीही ती दोनदा वापरलीय.

एका राहुटीत जागा मिळाली. खाली सतरंजी, मागे नर्तकींचे फ्लेक्स, मॅनेजरच्या पुढ्यात लांबोडकी वही आणि कनातीच्या बांबूला लटकवलेलं कालनिर्णय. समोर एका गावाच्या कमिटीचे चार पंच.

"यात्रा कधीची?"

"चैत वद्य अष्टमी."

मॅनेजरनं 'च्यक्' केलं. अष्टमी भैरवनाथाची, आणि भैरवनाथ तर इकडं गावोगाव. एकाच रात्री पुष्कळ गावांना तमाशा हवा, फड तेवढेच. मग भाव चढणारच. नारायणगावचं टोमॅटोचं मार्केट प्रसिद्ध आहे. तिथले व्यापारीसुद्धा या माणसाकडे शिकायला बसतील.

"अडीच लाख."

"दोनाच्या वर कमिटी जायची नाय."

"हजेरी धरून का सोडून?"

हजेरी म्हणजे दुसऱ्या दिवशीचा खेळ, कुस्त्यांच्या आखाड्याआधीचा. त्यावर पाऊण तास गेला. मी वाट बघत होतो की कुणीतरी तमाशाच्या सुरुवातीच्या गण-गवळणीचं नाव काढेल. काढलं नाही. तरुण पंचानं मोबाईल काढून एक क्लिप वाजवली. "हे गाणं हाय का?" मागे एक बाई लसूण सोलत बसल्या होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "हाय. पन ढोलकीवर बसवलंय."

त्या एका वाक्यानं माझा अर्धा लेख कोसळला. सिनेमाच्या गाण्यांनी तमाशा बाटला, असा एक परिच्छेद मी येतानाच एसटीत लिहून काढला होता. पण लोकांच्या ओठावर जे असेल ते उचलायचं आणि ढोलकीच्या चालीत बसवायचं, हा तर तमाशाचा जुनाच धंदा. बतावणीत, म्हणजे मधल्या विनोदी संवादांत, गावातल्या ताज्या भानगडी येतात तेव्हा आपण त्याला जिवंतपणा म्हणतो. गाणं आलं की भेसळ. हा न्याय कुठला?

म्हाताऱ्या पंचाचा प्रश्न वेगळा होता, वगाचा, म्हणजे तमाशातल्या शेवटच्या नाट्याचा. "वग पुरा करनार का मागल्यावानी मधीच गुंडाळनार?"

"दहाला स्पीकर बंद करायचा कायदा मी केला का आबा? राजाला फाशी द्यायची का सोडायचा, ते तुमच्या फौजदाराच्या हातात."

सगळे हसले, मॅनेजर सोडून. रात्र-रात्र चालणारा वग दहाच्या आत कोंबायचा तर कापायचं काय? गाणी कापली तर पोरं उठून जातात. म्हणून वग कापतात. तमाशाचं काय गेलं, असं मला कुणी विचारलं तर मी गाण्यांकडे बोट दाखवणार नाही, घड्याळाकडे दाखवीन.

सौदा अडला, पंच चहाला गेले. तेवढ्यात दोघं जण आले, गाव लहान, वर्गणी बेताची. त्यांची यात्रा द्वादशीची. मॅनेजरनं वही उलटली; त्या तिथीला पान कोरं होतं. वीस मिनिटांत एक चाळीसला ठरलं, हजेरीसकट. देवानं गर्दीची तिथी टाळली म्हणून गावाला तमाशा परवडला!

मी जुन्या वह्या बघायला मागितल्या. २०२० ची उघडली. पाडवा २५ मार्चला, आणि देशभराचं लॉकडाऊन लागलं तेही त्याच दिवशी. पानांमागून पानं निळ्या शाईत गावं, रकमा, इसार. सगळ्यावर पट्टीनं आखलेली लाल रेघ. रागानं फराटा मारलेला नव्हता, पट्टी धरून आखली होती. पुढच्या सालच्या वहीत तर लिहिलेलंच फार थोडं.

अखेर मी मथळ्यातला प्रश्न विचारलाच. मॅनेजर पुरतं ऐकून घेण्याआधीच बोलला, "तमाशा मरतोय का, हेच ना? दर साली एक जण येतो ह्यो प्रश्न घेऊन. तुमची ती रविवारची पुरवणी आठ पानी यायची. आता किती?"

"चार."

तो काही बोलला नाही. वही पुढे ओढली.

सहाच्या सुमाराला अष्टमीवाले परत आले. दोन वीस, हजेरी सोडून. म्हाताऱ्यानं बंडीच्या आतल्या खिशातून इसाराचे पैसे काढून दोनदा मोजले, मॅनेजरनं एकदा. करारावर सह्या झाल्या, लसणाच्या पाटीजवळ नारळ फुटला, खोबरं मलाही मिळालं.

निघताना मॅनेजर म्हणाला, "घरघर लिवा, मेला लिवा, काय लिवायचं ते लिवा साहेब. फक्त खाली आमचा मोबाईल नंबर तेवढा टाका. अजून चार तिथ्या कोऱ्या हायेत."

मथळा बदलायला दोन दिवस भांडलो, बदलला. नंबर मात्र डेस्कनं काढून टाकला. जाहिरात होते म्हणे.