रिपोर्ट नॉर्मल, पण आई म्हणते बरं नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. प्रश्न नेहमीचाच: "आईचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी ती तब्येत बरी नाही म्हणते. कितपत मनावर घ्यायचं?"

घ्याच. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतात १९७१ साली पासष्टीपुढच्या तीन हजारांवर लोकांना विचारलं होतं, वयाच्या मानानं तुमची तब्येत कशी आहे? पुढची सहा वर्षं कोण गेलं, कोण राहिलं याची नोंद ठेवली. 'उत्तम' म्हणणाऱ्यांपेक्षा 'वाईट' म्हणणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे पावणेतीन ते तीन पट निघाला, तोही वय, उत्पन्न आणि दवाखान्यातल्या नोंदी हिशेबात धरून. अशा २२ अभ्यासांचा २००६ मध्ये एकत्र हिशेब झाला, तेव्हा 'वाईट' म्हणणाऱ्यांचा धोका 'उत्तम' म्हणणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट आला. जिना चढताना लागणारी धाप, उडालेली झोप, अन्नावरची वासना जाणं, यातलं रक्ताच्या तपासणीत फारसं दिसत नाही. माणसाला मात्र कळतं.

हे आकडे गटाचे आहेत, तुमच्या आईचं भविष्य नव्हे. शेजारच्या काकूंशी तुलनाही नको. अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये दाखवलं होतं की बिहारपेक्षा केरळातले लोक आजारपण जास्त सांगतात, आणि जगतातही जास्त. म्हणजे 'बरं नाही' म्हणण्याची प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. तुलना आईची आईशीच करायची.

दर तीन महिन्यांनी, त्याच शब्दांत विचारा: "एकूण तब्येत कशी वाटते? उत्तम, चांगली, ठीक, वाईट की फार वाईट?" पर्याय दिले नाहीत तर "चाललंय" एवढंच ऐकू येईल. गुडघे, शुगर, बीपी यांची चौकशी नंतर. आधी दुखण्यांची यादी झाली की उत्तर तिकडेच झुकतं. सूनबाई-नातवंडांसमोर विचारू नका, आणि तिच्या वतीनं तुम्ही तर मुळीच उत्तर देऊ नका. डॉक्टरांच्या केबिनमध्ये हेच सर्रास होतं! उत्तर तारखेसह वहीत लिहा.

उत्तर आधीपेक्षा एक पायरी खाली आलं तर वजन करा. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात पाच टक्के, म्हणजे साठ किलोंमागे तीन किलो घटलं असेल तर थांबू नका. चालू गोळ्यांची पिशवी आणि ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. नवी गोळी कधी सुरू झाली, पडणं झालं का, ऐकू कमी येतंय का, हे सांगा. उदासपणाबद्दल मात्र डॉक्टरांना वेगळं विचारायला लावा, कारण "वय झालं" म्हणून तो सगळ्यात आधी नजरेतून सुटतो.